कर्मचारी-संप्रेषणाच्या परिणामकारकतेचे मापन : चंद्रपूर व गडचिरोली वनक्षेत्राच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : संप्रेषण, परिणामकारकता, मापन, प्रत्याभरण, वनकर्मचारी, नियतक्षेत्र

प्रस्तावना

कोणतीही संघटना आपल्या कर्मचाऱ्यांशी सतत काही ना काही बोलत असते. परिपत्रके निघतात, बैठका होतात, प्रशिक्षणे घेतली जातात, भ्रमणध्वनीवर संदेश जातात. या सर्व व्यवहाराला व्यवस्थापनशास्त्रात 'अंतर्गत संप्रेषण' असे म्हणतात. संघटनेचा बराच वेळ आणि पैसा त्यावर खर्च होतो. तथापि हा खर्च सार्थकी लागला किंवा नाही, याचे उत्तर शोधताना बहुतेक संघटना चुकीची गोष्ट मोजतात. किती परिपत्रके काढली, किती बैठका घेतल्या, प्रशिक्षणास किती जण उपस्थित होते, यांचे तक्ते वार्षिक अहवालात दिसतात. हे आकडे संघटना किती बोलली ते सांगतात. कर्मचाऱ्याला काय कळले आणि त्याने काय केले, ते सांगत नाहीत.

प्रस्तुत लेखाचा उद्देश कर्मचारी-संप्रेषणाच्या परिणामकारकतेचे मापन कसे करता येते हे स्पष्ट करणे हा आहे. त्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांतील वनप्रशासनाचे उदाहरण घेतले आहे. ही निवड हेतुपुरस्सर आहे. कारखान्यातील किंवा कोळसा खाणीतील कामगार पाळीच्या वेळी एका ठिकाणी जमतात. त्यांच्याशी समोरासमोर बोलता येते आणि त्यांचे काम डोळ्यांसमोर पाहता येते. वनरक्षक मात्र आपल्या नियतक्षेत्रात जवळजवळ एकटा असतो. त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या किंवा चुकीच्या पोहोचलेल्या संदेशाची किंमत कधी जळालेल्या जंगलाच्या रूपाने, तर कधी माणसाच्या जीवाने चुकवावी लागते.

पार्श्वभूमी : क्षेत्र आणि यंत्रणा

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती. जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग वनक्षेत्र म्हणून नोंदलेला आहे. गडचिरोली वनवृत्तात गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड व सिरोंचा असे पाच वनविभाग आहेत. चंद्रपूर वनवृत्तात चंद्रपूर, ब्रह्मपुरी व मध्य चांदा हे विभाग येतात. याशिवाय ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचे गाभा व बफर क्षेत्र चंद्रपूर जिल्ह्यात आहे.

वनविभागाची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. मुख्य वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, वनपरिक्षेत्र अधिकारी, क्षेत्र सहायक आणि वनरक्षक अशी ही उतरंड आहे. वनरक्षकाच्या हाताखाली वनमजूर आणि हंगामी अग्निरक्षक असतात. नियतक्षेत्र हा या रचनेतील सर्वांत लहान घटक होय. शासनाचा आदेश कितीही वरून निघाला, तरी त्याची अंमलबजावणी अखेरीस एखाद्या नियतक्षेत्रातील विशिष्ट कक्षातच होते.

या भागातील संप्रेषणासमोर तीन अडचणी प्रामुख्याने दिसतात. पहिली अडचण भौगोलिक आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. दुर्गम भागात भ्रमणध्वनीचे जाळे सर्वत्र पोहोचत नाही. दुसरी अडचण भाषेची आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार प्रशासनाची भाषा मराठी आहे. परंतु भामरागड-एटापल्लीच्या परिसरात माडिया, इतरत्र गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली आणि वैनगंगेच्या खोऱ्यात झाडीबोली कानावर पडते. कार्यालयीन मराठीतील 'प्रतिबंधात्मक उपाययोजना तातडीने करण्यात यावी' हे वाक्य वनमजुराच्या घरच्या भाषेत उतरते तेव्हा त्यात नेमके काय उरते, हा मापनाचाच प्रश्न आहे. तिसरी अडचण पदाच्या अंतराची आहे. साहेबांसमोर 'समजले नाही' असे म्हणणे कनिष्ठ कर्मचाऱ्यास अवघड वाटते. त्यामुळे नंदीबैलासारखी मान डोलावली जाते आणि ती मान 'आकलन झाले' या रकान्यात नोंदवली जाते.

मापनाच्या प्रचलित पद्धती

संघटनेतील संप्रेषणाच्या मापनाचा शास्त्रीय विचार विसाव्या शतकाच्या मध्यापासून विशेषत्वाने सुरू झाला. त्यातील तीन पद्धती येथे उपयुक्त आहेत.

(१) समाधान-मापन : कॅल डाऊन्स व मायकेल हेझन यांनी १९७७ मध्ये संप्रेषण-समाधान प्रश्नावली मांडली. तिच्यात संप्रेषणाचे वातावरण, वरिष्ठांशी संवाद, संघटनेविषयीची माहिती, माध्यमांचा दर्जा, सहकाऱ्यांमधील समस्तर संवाद, हाताखालच्यांशी संवाद, स्वतःच्या कामाविषयी मिळणारे प्रत्याभरण इत्यादी आठ घटक आहेत. कर्मचारी प्रत्येक विधानावर आपले समाधान क्रमाने नोंदवितो. ही पद्धत सोपी आहे. परंतु ती भावना मोजते. समाधानी कर्मचाऱ्यास सूचना बरोबर समजली असेलच असे नाही.

(२) संदेश-मागोवा : कीथ डेव्हिस यांनी १९५३ मध्ये एक वेगळी पद्धत वापरली. एखादा विशिष्ट संदेश निवडावा आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास विचारावे : ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे काय? त्यातील कोणता भाग माहीत आहे? कोणाकडून कळली? केव्हा, कोठे आणि कोणत्या माध्यमातून? या उत्तरांवरून संदेशाचा प्रत्यक्ष प्रवास रेखाटता येतो. डेव्हिस यांना असे आढळले की अनौपचारिक बातमी साखळीसारखी एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. मोजकी माणसे ती अनेकांना सांगतात आणि बाकीचे ऐकून थांबतात. वनविभागासारख्या विखुरलेल्या यंत्रणेत ही पद्धत अतिशय उपयोगी पडू शकते. आदेश कागदावर कोणत्या मार्गाने गेला आणि प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने पोहोचला, यांतील फरक तिच्यामुळे उघड होतो.

(३) स्तर-मापन : डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर सांगितले : प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन आणि परिणाम. प्रशिक्षणार्थीला कार्यक्रम आवडला काय, तो काय शिकला, कामावर परतल्यावर तो वेगळे वागला काय आणि त्यामुळे संघटनेच्या उद्दिष्टात काही फरक पडला काय, असे हे चार प्रश्न आहेत. व्यवहारात बहुतेक संघटना पहिल्या स्तरावरच थांबतात. कार्यक्रमाच्या अखेरीस भरून घेतलेला 'कार्यक्रम कसा वाटला' हा फॉर्म म्हणजेच मूल्यमापन, असा समज रूढ झालेला आहे.

चार पायऱ्यांची मापनपट्टी

वरील पद्धतींचा एकत्रित विचार करून क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या संदर्भात परिणामकारकतेच्या चार पायऱ्या मानता येतात : पोहोच, आकलन, कृती आणि परतावा. वणव्याच्या हंगामातील सूचनांच्या उदाहरणाने त्या स्पष्ट होतील.

महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला जाळणे आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, ही या भागातील वणव्यांची प्रमुख मानवी कारणे आहेत. हंगामापूर्वी जाळरेषा साफ करणे, अग्निरक्षक नेमणे आणि गावांत जागृती करणे यांविषयी सूचना दिल्या जातात. हंगामात डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने आगीची ठिकाणे ओळखून इशारे पाठविते. ही सेवा २००४ पासून सुरू असून २०१९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती कार्यान्वित झाली. नोंदणी केलेल्या कर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर थेट इशारा येऊ शकतो. म्हणजेच येथे संदेश केव्हा निघाला याची अचूक नोंद उपलब्ध असते आणि मापनासाठी ही मोठीच सोय आहे.

पहिली पायरी : पोहोच

संदेश कोणापर्यंत पोहोचला आणि किती वेळात पोहोचला, हा पहिला प्रश्न आहे. येथे सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. समजा, दहा नियतक्षेत्रांपैकी नऊ ठिकाणी इशारा एका तासात पोहोचला आणि दहाव्या ठिकाणी एकतीस तासांनी पोहोचला. सरासरी वेळ चार तास निघतो. मध्यक काढला तर तो एक तासच येतो. दोन्ही आकडे समाधानकारक दिसतात. परंतु आग दहाव्या नियतक्षेत्रात असेल तर दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून सरासरीबरोबरच 'शेवटच्या नियतक्षेत्रास लागलेला वेळ' हा आकडा स्वतंत्रपणे नोंदविणे आवश्यक आहे. क्षेत्रीय संप्रेषणाची खरी कसोटी सर्वांत दूरच्या माणसापाशी होते.

हल्ली संदेशापुढे दिसणाऱ्या निळ्या खुणांना पोहोच मानण्याची प्रवृत्ती वाढली आहे. ही खूण एवढेच सांगते की संदेश उघडला गेला. तो कोणी उघडला, पूर्ण वाचला काय आणि ज्याच्याकडे भ्रमणध्वनीच नाही त्या अग्निरक्षकास तो कोणी सांगितला, हे ती सांगत नाही.

दुसरी पायरी : आकलन

संदेश जेवढ्या हातांतून जातो तेवढा तो झिजतो. उपवनसंरक्षकांपासून वनमजुरापर्यंत चार हस्तांतरणे होतात. प्रत्येक टप्प्यावर नव्वद टक्के आशय टिकतो असे उदार गृहीतक धरले, तरी अखेरीस सुमारे सहासष्ट टक्केच आशय उरतो. उरलेला एक-तृतीयांश आशय कोणाच्याही हलगर्जीपणामुळे गेलेला नसतो. तो रचनेमुळेच गळालेला असतो.

आकलन मोजण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे 'ऐकलेले परत सांगणे'. 'समजले काय?' असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर 'होय' असेच येते. त्याऐवजी 'इशारा आला तर तुम्ही काय काय कराल?' असे विचारावे आणि सूचनेतील आवश्यक मुद्द्यांपैकी किती मुद्दे उत्तरात आले ते मोजावे. शक्य असेल तेथे हे उत्तर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत घ्यावे.

एक काल्पनिक उदाहरण पाहू. वणव्याविषयीच्या सूचनेत पाच आवश्यक मुद्दे आहेत : जाळरेषेवरील पाला काढणे, मोहाखाली आग लावू न देणे, आग दिसताच ठरलेल्या व्यक्तीस कळविणे, आग विझल्यावर निखारे तपासणे आणि आगीकडे एकट्याने न जाणे. तीस अग्निरक्षकांना विचारले असता हे मुद्दे अनुक्रमे २८, २६, २४, २१ आणि १२ जणांनी सांगितले. एकूण १५० पैकी १११ उत्तरे बरोबर, म्हणजे ७४ टक्के आकलन झाले. हा आकडा अहवालात चांगला दिसेल. परंतु 'एकट्याने जाऊ नये' हा मुद्दा फक्त चाळीस टक्के लोकांना ठाऊक आहे आणि जीव वाचविणारा मुद्दा नेमका तोच आहे. यावरून असे दिसते की आकलनाचा एकत्रित गुणांक पुरेसा नाही. प्रत्येक मुद्द्याचे प्रमाण वेगळे दाखविले पाहिजे आणि सुरक्षिततेच्या मुद्द्यांसाठी अपेक्षित पातळी इतरांपेक्षा वर ठेवली पाहिजे.

तिसरी पायरी : कृती

कळणे आणि करणे यांत अंतर असते. सूचना समजली, पण ब्लोअर नादुरुस्त आहे. जाळरेषा साफ करावयाची आहे, पण मजुरांची मजुरी थकली आहे. अशा परिस्थितीत कृती होत नाही. येथे दोष संप्रेषणाचा नसून साधनांचा असतो. मापनाने हा फरक दाखवून दिला पाहिजे. आकलन चांगले आणि कृती कमी असेल तर आणखी परिपत्रके काढणे व्यर्थ आहे. ते केवळ कागदी घोडे नाचविणे ठरेल. उलट आकलनच कमी असेल तर साधने वाढवूनही उपयोग होणार नाही.

कृतीचे मापन प्रत्यक्ष पाहणीने करावे लागते. निवडलेल्या कक्षांतील जाळरेषेची अकस्मात तपासणी, इशारा मिळाल्यापासून कर्मचारी जागेवर पोहोचेपर्यंतचा वेळ आणि प्रत्येक आगीमागे जळालेले क्षेत्र, ही तीन मापके पुरेशी आहेत. व्याघ्र प्रकल्पांत २०१० पासून गस्तीच्या नोंदीसाठी 'एम-स्ट्राइप्स' ही प्रणाली वापरात आली. तिच्यामुळे कर्मचारी कोणत्या वाटेने किती चालला याची नोंद आपोआप मिळते. ही नोंद मोलाची आहे; तथापि ती पायांची नोंद आहे. कर्मचाऱ्याने काय पाहिले आणि ते वर सांगितल्यावर त्याचे काय झाले, हे जाणण्यासाठी चौथ्या पायरीकडे वळावे लागते.

चौथी पायरी : परतावा

संप्रेषण वरून खाली जाते तसे खालून वरही आले पाहिजे. जंगलात काय चालले आहे हे प्रथम वनरक्षकास आणि वनमजुरास कळते. कोणत्या पाणवठ्यावर वाघीण बछड्यांसह आहे, कोणत्या वाटेवर कालपासून ताजे ठसे आहेत, कोणत्या गावात लोक संतापलेले आहेत, ही माहिती कोणत्याही उपग्रहाला मिळत नाही. ती वर पोहोचली नाही तर वरून निघणारी सूचना, ती कितीही सुबक असली तरी, उंटावरून शेळ्या हाकण्यासारखी होते.

२० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीचे पायी सर्वेक्षण चालू असताना वाघिणीच्या हल्ल्यात एका महिला वनरक्षकाचा मृत्यू झाला. त्यांच्यासोबत वनमजूर होते. या घटनेनंतर तेथील पायी सर्वेक्षण तात्पुरते थांबविण्यात आले. या घटनेत कोणाची चूक झाली हे ठरविणे हा येथील विषय नाही. ती एवढीच जाणीव करून देते की जंगलातील सूचना कागदावर पूर्ण होत नाहीत. समोर वाघ दिसल्यावर त्या माणसापाशी केवळ काही क्षण असतात. अशा कामात दोन गोष्टी मोजण्यासारख्या आहेत. 'धोका वाटल्यास काम सोडून परत यावे, त्याबद्दल जाब विचारला जाणार नाही' हे कर्मचाऱ्यास ठाऊक आहे काय आणि त्याचा त्यावर विश्वास आहे काय? आणि 'काम थांबवा' हा निरोप शेवटच्या पथकापर्यंत किती वेळात पोहोचतो? काम सुरू करण्याचे आदेश पोहोचविण्याची व्यवस्था सर्वत्र असते. थांबविण्याच्या आदेशाचा वेग क्वचितच मोजला जातो.

परताव्याचे मापन तीन आकड्यांत करता येते : खालून आलेल्या माहितीची किंवा तक्रारींची संख्या, त्यांपैकी किती प्रकरणांत उत्तर दिले गेले त्याचे प्रमाण, आणि उत्तरास लागलेला वेळ. यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तक्रारींची संख्या शून्य असणे हे चांगले लक्षण मानता येत नाही. ज्या परिक्षेत्रातून वर्षभर एकही अडचण कळविली गेली नाही, तेथे अडचणी नसण्यापेक्षा त्या सांगण्यात अर्थ नाही असे कर्मचाऱ्यांना वाटत असण्याचीच शक्यता अधिक असते.

गडचिरोलीतील एक मार्गदर्शक अनुभव

संप्रेषणाचे मापन अखेरच्या परिणामापर्यंत नेता येते याचे उत्तम उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातच उपलब्ध आहे. ते वनखात्यातील नसून आरोग्यक्षेत्रातील आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेल्या 'सर्च' या संस्थेने गावातील दाया आणि आरोग्यदूत यांच्यामार्फत बालमृत्यू रोखण्याचे काम केले. ही मंडळी रूढ अर्थाने नोकरदार नव्हती. तरीही दूरवर विखुरलेल्या, अल्पशिक्षित कार्यकर्त्यांपर्यंत तांत्रिक सूचना अचूक पोहोचविणे ही त्यांच्याबाबतची अडचण वनविभागासारखीच होती.

त्यातील दोन गोष्टी येथे विशेष महत्त्वाच्या आहेत. पहिली गोष्ट सूचनेच्या रूपाची. बाळाला न्यूमोनिया आहे किंवा नाही हे मिनिटाला किती श्वास होतात यावरून ओळखता येते. परंतु मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईला 'साठपर्यंत मोजा' ही सूचना निरुपयोगी होती. म्हणून मण्यांचे एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर तो न्यूमोनिया समजायचा. येथे दाईला सूचनेच्या मापाचे करण्याऐवजी सूचनाच दाईच्या मापाची करण्यात आली. आकलन कमी आढळल्यास कर्मचाऱ्याला दोष देण्यापूर्वी सूचनेचे रूप तपासावे, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याच्या उपक्रमात ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत काम करण्यात आले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात तुलनेने सुमारे ६२ टक्के घट झाली. २०११ मध्ये भारत शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत अशाच स्वरूपाचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. तुलनेची गावे नसती तर ही घट उपक्रमामुळे झाली की अन्य कारणांमुळे, हे सांगता आले नसते. किती प्रशिक्षणे झाली यावर न थांबता किती बाळे जगली इथपर्यंत मापन नेल्यामुळेच या कामाला बळ मिळाले.

वणव्याच्या बाबतीतही हीच दक्षता आवश्यक आहे. एखाद्या वर्षी अवकाळी पाऊस झाला तर आगी आपोआप कमी होतात. त्या घटीचे श्रेय नव्या संदेशप्रणालीस देणे अशास्त्रीय ठरेल. नवी पद्धत काही परिक्षेत्रांत आधी व काही परिक्षेत्रांत नंतर सुरू केली, आणि दोन्हींची एकाच हंगामात तुलना केली, तर अधिक विश्वसनीय उत्तर मिळू शकते. त्यासाठी स्वतंत्र खर्चाची फारशी गरज नसते. केवळ क्रम विचारपूर्वक ठरवावा लागतो.

मापनातील धोके

मापन करताना पुढील मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे.

(१) प्रश्न कोण विचारतो यावर उत्तर अवलंबून असते. ज्याच्या हाती बदली व गोपनीय अहवाल आहे त्याने विचारलेल्या प्रश्नास मोकळे उत्तर मिळत नाही. मुलाखती शक्यतो यंत्रणेबाहेरील, स्थानिक भाषा जाणणाऱ्या व्यक्तीने घ्याव्यात आणि उत्तरदात्याचे नाव नोंदवू नये. या दृष्टीने दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे विद्यार्थी चांगले साहाय्य करू शकतात.

(२) मापक हेच उद्दिष्ट बनले की ते मापक म्हणून निकामी होते. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते. 'इशाऱ्यानंतर एका तासात आग विझविली' या नोंदीवर शाबासकी आणि विलंबावर नोटीस मिळू लागली, तर प्रत्येक आग कागदावर एका तासातच विझेल. म्हणून या मापनाचा उपयोग व्यवस्था सुधारण्यासाठी करावा, कर्मचाऱ्यास शिक्षा करण्यासाठी करू नये.

(३) मापनाचा भार कर्मचाऱ्यावरच पडू नये. गस्त, गणना, वणवा, मानव-वन्यजीव संघर्ष आणि न्यायालयीन कामे सांभाळणाऱ्या वनरक्षकास आणखी एक नोंदवही भरावयास लावल्यास ती घाईघाईने भरली जाईल. हंगामातून दोन-तीनदा, निवडक नियतक्षेत्रांत घेतलेली लहान पाहणी अधिक खरी माहिती देते.

(४) नमुना निवडताना सोयीची ठिकाणे टाळावीत. डांबरी रस्त्यालगतची नियतक्षेत्रे पाहून काढलेला निष्कर्ष आतल्या जंगलास लागू पडत नाही. दुर्गम नियतक्षेत्रांचा नमुन्यातील वाटा मुद्दाम वाढवावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) पाठविलेल्या संदेशांची संख्या हे संप्रेषणाच्या परिणामकारकतेचे मापक होऊ शकत नाही. पोहोच, आकलन, कृती व परतावा या चारही पायऱ्यांचे मापन स्वतंत्रपणे झाले पाहिजे. त्यामुळे बिघाड नेमका कोठे आहे हे कळते.

(२) विखुरलेल्या यंत्रणेत सरासरी फसवी ठरते. शेवटच्या नियतक्षेत्रातील वेळ आणि सुरक्षिततेच्या मुद्द्यांचे आकलन हे दोन आकडे नेहमी वेगळे दाखवावेत.

(३) आकलन कर्मचाऱ्याच्या भाषेत, त्याने परत सांगितलेल्या शब्दांवरून मोजावे. ते कमी आढळल्यास प्रथम सूचनेचे रूप बदलावे.

(४) परिणामाचे श्रेय ठरविण्यासाठी तुलना आवश्यक आहे.

(५) खालून वर येणारी माहिती आणि तिला मिळणारे उत्तर हा संप्रेषणाचा दुय्यम भाग नसून त्याचा निम्मा भाग आहे.

वनविभागाच्या कार्यालयात आदेशावर जावक क्रमांक पडतो तेव्हा कागदाचा प्रवास सुरू झालेला असतो. तो जंगलात, एखाद्या हंगामी अग्निरक्षकाच्या हातांनी झाडलेल्या जाळरेषेवर पूर्ण होतो, आणि तेथून 'ब्लोअर बंद आहे, मजूर दोनच आहेत' असा निरोप वर पोहोचून त्यावर कोणी काही करते तेव्हाच संघटना आणि कर्मचारी यांच्यात संवाद झाला असे म्हणता येते. जावक नोंदवही हा प्रवास मोजू शकत नाही. तो मोजण्याची साधने मात्र साधी, स्वस्त आणि उपलब्ध आहेत. त्यांचा वापर झाल्यास जंगलाचे रक्षण आणि जंगल राखणाऱ्यांचे रक्षण ही दोन्ही उद्दिष्टे साध्य होण्यास निश्चितच मदत होईल.